समजून घ्या : ९४ सेकंदांची कुस्ती, हमीदा बानू आणि ताकदीचं गणित

लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांच्या दिवशी हलगी कडाडली की आखाड्याभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांना घडवणारा हा मुलूख आहे. अलीकडे गावोगावच्या फडात मुलींच्या कुस्त्याही लागतात. कधी मुलीला जोड मिळत नाही आणि पंच तिची कुस्ती एखाद्या मुलाशी लावून देतात. मग आखाड्याभोवती एकच वाद सुरू होतो. मुलगी मुलाला पाडू शकते का? आणि पाडलंच, तर ती कुस्ती खरी की ठरवलेली?

हा वाद नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी एका पैलवान बाईने तो कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि बडोद्याच्या मैदानांत आणून ठेवला होता. त्यावरून दगड पडले, कुस्त्या रद्द झाल्या आणि प्रकरण थेट मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. त्या पैलवानाचं नाव हमीदा बानू. मे २०२४ मध्ये गुगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांचं आयुष्य आणि त्यांच्यावरून पेटलेल्या वादामागचं शरीरशास्त्र, दोन्ही समजून घेऊ.

कोण होत्या हमीदा बानू?

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरमध्ये त्यांचा जन्म झाला. त्या काळात बाईने लांग चढवून मातीत उतरणं तिकडच्या समाजाला मान्य नव्हतं. मिर्झापूर सोडून त्या अलीगढला गेल्या आणि सलाम पैलवान या वस्तादांच्या हाताखाली तयार झाल्या. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ असं नाव दिलं. ग्रीक पुराणकथांमधल्या लढवय्या बायकांवरून आलेलं हे बिरुद होतं.

१९४० च्या दशकापर्यंत त्यांचं नाव मुंबईत पोहोचलं होतं. १९४४ मध्ये गुंगा पैलवानाबरोबर त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा मुंबईत सुमारे २० हजार लोक जमल्याची बातमी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिली होती. गुंगा पैलवानाने ऐनवेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, त्यामुळे कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात मोडतोड केली. १९५४ पर्यंत आपण ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा हमीदा बानूंचा दावा होता.

त्यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत छापून आलं. खुराकाची यादीही छापली जायची. दिवसाला साडेपाच लिटरहून जास्त दूध, पावणेतीन लिटर सूप, सहा अंडी, एक कोंबडी, किलोभर मटण, किलोभर बदाम, अर्धा किलो लोणी आणि वर बिर्याणीच्या दोन थाळ्या. दिवसाचे नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. यात जाहिरातीचा भाग असणारच. कुस्ती तिकिटावर चालायची आणि पैलवानाचा खुराक हा प्रेक्षकांच्या कुतूहलाचा विषय असायचा. पण सहा तासांची मेहनत आणि शंभर किलोंच्या वरचं शरीर या दोन गोष्टी पुढच्या हिशेबात महत्त्वाच्या आहेत.

बडोद्यात काय झालं?

फेब्रुवारी १९५४ मध्ये हमीदा बानूंनी पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान दिलं. जो आपल्याला कुस्तीत हरवेल त्याच्याशी आपण लग्न करू, असं ते आव्हान होतं. त्यानंतर त्यांनी पतियाळाच्या आणि कोलकात्याच्या एकेका नामवंत पैलवानाला हरवलं आणि मे महिन्यात त्या बडोद्यात आल्या. तिथे त्यांची कुस्ती आधी ठरली होती ती बडोदा महाराजांचा आश्रय असलेल्या छोटे गामा पैलवानाशी. बाईशी लढणार नाही, असं सांगून त्याने माघार घेतली. मग बाबा पैलवान समोर आला.

कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली निघाली. हमीदा बानू जिंकल्या. लग्नाच्या शर्यतीतून बाबा पैलवान बाद झाल्याचं पंचांनी जाहीर केलं आणि बाबा पैलवानाने कुस्तीच सोडत असल्याचं सांगितलं. ही बातमी परदेशातल्या वर्तमानपत्रांतही छापून आली.

१ मिनिट ३४ सेकंद म्हणजे ९४ सेकंद. बाई विरुद्ध पुरुष हा प्रश्न शरीरशास्त्राला विचारायचा, तर नेमका एवढाच वेळ फार बोलका आहे.

९४ सेकंदांत शरीरात काय घडतं?

स्नायू आकुंचन पावायला एटीपी नावाचा रेणू लागतो. तो स्नायूंसाठी रोख पैशासारखा आहे. पण खिशात रोख फार थोडी असते. पूर्ण जोर लावला तर स्नायूंतला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल. तो पुन्हा तयार करायचे तीन मार्ग शरीराकडे आहेत.

पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. हा साठा स्नायूतच तयार असतो आणि लगेच कामाला येतो, पण पूर्ण जोर लावल्यावर साधारण दहा सेकंदांत बराचसा रिकामा होतो. पट काढणं, उचलून आपटणं, खालून उसळी मारून सुटणं, कुस्तीतले हे सगळे झटके या साठ्यावर चालतात.

दुसरा मार्ग साखरेचा. स्नायूंतली साखर ऑक्सिजन न वापरता झपाट्याने फोडली जाते. ऊर्जा भरभर मिळते, पण स्नायूत आम्लता वाढते आणि हातपाय जड होतात. लॅक्टेट याच वाटेवर तयार होतं. ४०० मीटर धावणाऱ्याचे पाय शेवटच्या वळणानंतर भरून येतात, ते याच टप्प्यात. या दोन मार्गांना मिळून अनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याची क्षमता म्हणतात.

तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. तो हळू सुरू होतो, पण दीर्घकाळ चालतो. सलग पूर्ण जोराचं काम केलं तर साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास ऑक्सिजनविना आणि ऑक्सिजनसह मिळालेल्या ऊर्जेचा एकूण वाटा सारखा होतो, असं अभ्यास सांगतात.

म्हणजे ९४ सेकंदांची कुस्ती ही मॅरेथॉन नाही आणि एका झटक्याचं कामही नाही. तिचा निकाल बऱ्याच अंशी ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर ठरतो. स्त्री आणि पुरुष यांच्यातला फरकही याच क्षमतेत जास्त ठळक दिसतो.

फरक किती आणि कुठे?

ही क्षमता मोजायची सर्वांत प्रसिद्ध चाचणी इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये १९७० च्या दशकात तयार झाली. एका जागी बसवलेली सायकल, चाकावर शरीराच्या वजनाच्या प्रमाणात भार आणि ३० सेकंद जीव तोडून पायडल मारणं. या काळात किती वॅट शक्ती निघाली, हे मोजलं जातं.

अशा चाचण्यांत स्त्रियांची एकूण शक्ती सरासरीने पुरुषांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरते. तीच शक्ती शरीराच्या प्रत्येक किलोमागे मोजली तर फरक पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास येतो. चरबी वगळून उरलेल्या वजनामागे मोजली तर तो आणखी आक्रसतो, काही अभ्यासांत जवळजवळ नाहीसा होतो. काही चाचण्यांत मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्नायूंच्या वजनामागेही थोडा फरक उरतो. स्नायूतल्या वेगवान तंतूंचं प्रमाण आणि साखर फोडणाऱ्या विकरांचं, म्हणजे एन्झाइम्सचं काम ही त्याची कारणं मानली जातात.

शेतातल्या मोटरीचं उदाहरण घेऊ. एका विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, शेजारच्या विहिरीवर साडेसात एचपीची. पाच ही साडेसातपेक्षा एक तृतीयांशाने कमी. पाणी उपसायची शर्यत लावली तर मोठी मोटर जिंकेल. म्हणून छोट्या मोटरीची तार हलकी किंवा बनावट खराब ठरत नाही. तिच्यात तांबं कमी आहे, एवढंच. स्त्री आणि पुरुष यांच्या स्नायूंतला फरक मुख्यतः या प्रकारचा आहे.

हे ‘तांबं’ किती कमी असतं? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६८ स्त्री-पुरुषांच्या संपूर्ण शरीराचं एमआरआय करून स्नायू मोजले गेले. पुरुषांत सरासरी ३३ किलो, तर स्त्रियांत २१ किलो स्नायू आढळले. शरीराच्या वजनात स्नायूंचा वाटा पुरुषांत सुमारे ३८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३१ टक्के होता. कमरेच्या वरच्या भागात हा फरक ४० टक्के, तर खालच्या भागात ३३ टक्के निघाला. कुस्तीत पकड हाताने आणि खांद्याने होते, त्यामुळे वरच्या भागातला फरक जास्त महागात पडतो.

खेळातले आकडेही याला धरून आहेत. १०० मीटर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा. फरक साडेनऊ टक्क्यांचा. धावताना प्रत्येकाला स्वतःचंच वजन न्यायचं असतं, म्हणून फरक कमी दिसतो. वेटलिफ्टिंगमध्ये बाहेरचं वजन उचलायचं असतं आणि तिथे तो ३० टक्क्यांच्या घरात जातो. कुस्तीत समोरच्या माणसाचं वजन हलवायचं असतं, त्यामुळे ती वेटलिफ्टिंगच्या जास्त जवळची आहे.

हा फरक जन्मापासून नसतो. साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत फार अंतर नसतं. मुलगा वयात येताना त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतं, स्नायू आणि हाडं भरतात आणि तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

एक बाजू स्त्रियांच्या पारड्यातही पडते. पुन्हा पुन्हा जोर लावायच्या चाचण्यांत त्यांची शक्ती पुरुषांच्या तुलनेत कमी टक्क्यांनी घसरते. आपल्या कमाल ताकदीच्या ठरावीक टक्के जोराने पकड धरून ठेवायची असेल, तर सरासरी स्त्री जास्त वेळ टिकते. याचं एक कारण असं की, मोठा स्नायू आवळला की आतल्या रक्तवाहिन्याही जास्त दाबतो. सुरुवातच कमी शक्तीने होते म्हणून घसरण कमी दिसते, हाही त्यातला एक भाग आहे. तरी कुस्ती लांबली तर ही गोष्ट कामाला येते.

मग हमीदा बानू कशा जिंकल्या?

इथे १०८ किलोंचा हिशेब येतो. एमआरआयच्या अभ्यासातला स्त्रियांचा ३१ टक्के वाटा ढोबळपणे १०८ किलोंना लावला, तर स्नायूंचं वजन येतं सुमारे ३३ किलो. सरासरी पुरुषाच्या शरीरात जेवढे स्नायू, तेवढेच. हा हिशेब कच्चा आहे. वजन वाढतं तसा चरबीचा वाटाही वाढतो, त्यामुळे खरा आकडा कमी असू शकतो. उलट, रोज सहा तास मेहनत करणाऱ्या पैलवानाचे स्नायू सरासरी बाईपेक्षा जास्त असणार. पण मुद्दा स्पष्ट होतो. सरासरीचा नियम खरा असूनही, एखादी तयारीची आणि जड बाई बऱ्याच पुरुषांना भारी पडू शकते.

त्यात आखाड्याच्या कुस्तीत आजच्यासारखे काटेकोर वजनगट नव्हते. मातीत वजन हेच मोठं शस्त्र असतं. खाली सापडलेल्याला शंभर किलोंचा भार पेलत श्वास घ्यायचा असतो. आणि डाव वेळेवर बसला तर कुस्ती ताकदीची वाटच पाहत नाही, हे गावच्या फडात बसणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. तेवढ्याच वजनाचा, तेवढ्याच तयारीचा अव्वल पुरुष समोर असेल, तर त्याच्या अंगात स्नायू जास्त असणार आणि पहिल्या दहा-वीस सेकंदांचा झटका त्याचा मोठा असणार. हमीदा बानूंच्या सगळ्या कुस्त्या अव्वल आणि तोलामोलाच्या पैलवानांशी झाल्या का, यावर तेव्हाही शंका घेतली गेली. अनेक लढती नुरा कुस्त्या, म्हणजे आधी ठरवलेल्या असल्याचे आरोप झाले. केवळ ९४ सेकंदांत निकाल लागला म्हणून कुस्ती खोटी ठरत नाही आणि केवळ बातमी छापून आली म्हणून ती खरीही ठरत नाही. शरीरशास्त्राचं म्हणणं एवढंच आहे की, असा विजय अशक्य नव्हता.

कोल्हापूर, पुणे, मुंबई : मातीबाहेरचा विरोध

प्रेक्षकांना मात्र शक्य-अशक्यतेशी फारसं देणंघेणं नव्हतं. कोल्हापुरात हमीदा बानूंनी सोमासिंग पंजाबी या पुरुष पैलवानाला हरवलं, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही कुस्ती म्हणजे तमाशा असल्याचा लोकांचा सूर होता. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याबरोबर ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली.

मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांना बंदी झाली, तेव्हा त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नव्हे, तर आयोजक त्यांच्यासमोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. तेव्हाचा नांदेड जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूर हैदराबाद राज्यात होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण तोवर हमीदा बानू आखाड्यातून दिसेनाशा झाल्या होत्या.

हे सगळं पाहताना एक साधी गोष्ट निसटते. हमीदा बानू पुरुषांशी का लढत होत्या? कारण लढायला बायका जवळपास नव्हत्याच. देशात स्त्रियांची कुस्ती स्पर्धा नव्हती, वजनगट नव्हते, तालमी नव्हत्या. १९५४ मध्येच मुंबईत त्यांची कुस्ती व्हेरा चिस्टिलिन या रशियन पैलवान बाईशी झाली आणि ती त्यांनी एका मिनिटाच्या आत जिंकली. परदेशातून आलेली अशी एखादी प्रतिस्पर्धी सोडली, तर पोट भरायला पुरुषांना आव्हान देण्यावाचून त्यांच्यापुढे फारसा मार्ग नव्हता.

जगात तरी वेगळं चित्र होतं का?

फारसं नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून खाली बसल्या. पूर्ण जोराने धावलेला कोणताही पुरुष जसा बसतो, तशाच. पण वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्याची रसभरित वर्णनं छापली. एवढा जोर स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, असा निष्कर्ष काढून ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. ती परत आली थेट १९६० मध्ये.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी धावण्याची सर्वांत लांब शर्यत २०० मीटरची होती. दोन वर्षांनी हमीदा बानू बडोद्यात ९४ सेकंद लढल्या, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या क्रीडास्पर्धेला स्त्रीने साधारण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जीव तोडून धावावं हेच मंजूर नव्हतं. ऑक्सिजनविना ताकद स्त्रीच्या शरीरातही असते, हे सिद्ध करायची संधीच तिला दिली जात नव्हती.

कल्याणमध्ये शेवट

१९५४ मध्येच हमीदा बानूंनी युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढण्याचा बेत जाहीर केला. त्यानंतर मात्र त्यांचं नाव बातम्यांतून गायब झालं. सलाम पैलवान आणि त्या कल्याणला आले आणि तिथे दुधाचा धंदा सुरू केला. कुटुंबीय आणि शेजारी यांच्या आठवणी नंतर पत्रकारांनी नोंदवल्या. त्यांनुसार, युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी त्यांना इतकी मारहाण केली की त्यांचे हात मोडले. पायही मोडला होता आणि कित्येक वर्षं त्या काठीच्या आधाराने चालत होत्या, असंही सांगितलं जातं. दोघांचं लग्न झालं होतं की नाही, यावर कुटुंबातच दोन मतं आहेत.

पुढे सलाम पैलवान अलीगढला परतले. हमीदा बानू कल्याणमध्येच राहिल्या. दूध विकायचं, थोड्या जागा भाड्याने द्यायच्या आणि हात आखडला की घरी केलेलं खायचं सामान रस्त्याच्या कडेला बसून विकायचं, असं त्यांचं जगणं होतं. पुरुषांना चीतपट करणाऱ्या या पैलवानाला तिच्या घराबाहेर कोणी हरवलं, याच्या चर्चा सत्तर वर्षं झाल्या. घरात काय झालं ते बाहेर यायला कित्येक दशकं लागली. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर वर्षभरातच, १९८७ मध्ये, नॉर्वेत स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती आली. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकलं. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील. ती कल्याणची, म्हणजे हमीदा बानूंनी दूध विकलं त्याच गावची.

नांदेड-लातूरच्या फडासाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट जोड लावण्याची. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची, वजन जुळत असेल तर, कुस्ती लावण्यात शरीरशास्त्राची फारशी अडचण नाही. मुलगा वयात आला की चित्र बदलतं. नुसतं वजन सारखं असून भागत नाही. एमआरआयच्या त्याच सरासरीने पाहिलं, तर ५० किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे १९ किलो स्नायू असतील आणि ५० किलोच्या स्त्रीच्या अंगात सुमारे १५. काटा सारखंच वजन दाखवतो, पण मोटर सारखी नसते. अशा कुस्तीत मुलगी हरली तर तिच्या मेहनतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जिंकली तर तिचं कौतुकच, पण पुढच्या वेळी तिला मुलाशी लढावं लागू नये, ही जबाबदारी आयोजकांची.

दुसरी गोष्ट मेहनतीची. ऑक्सिजनविना क्षमता ही सरावाने वाढते, मुलींचीही. दहा-वीस सेकंदांचे जोरकस फेरे, मध्ये पुरेशी विश्रांती आणि खांदे, दंड, पकड यांचं काम यावर मुलींच्या तालमीत जास्त भर हवा, कारण सर्वांत मोठा फरक कमरेच्या वरच आहे. बायकांना जड वजन झेपत नाही म्हणून त्यांना हलक्या व्यायामावर ठेवणं म्हणजे १९२८ ची चूक तालमीत पुन्हा करणं.

तिसरी गोष्ट रक्ताची. आजची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. एका झटक्यात रिकामा झालेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा अर्धा भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं आणि तो भरायला ऑक्सिजनच लागतो. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर दुसऱ्या फेरीत हात उचलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे बऱ्याच मुली निसर्गाने दिलेल्या फरकाच्या वर घरातल्या ताटाने दिलेला फरक घेऊन मातीत उतरतात. पहिला फरक कोणी मिटवू शकत नाही. दुसरा एका रक्ततपासणीने कळतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, डाळी, जमेल तिथे अंडी-मटण यांनी भरून निघतो.

स्त्री-पुरुषांच्या ताकदीतला फरक खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष बायकांनी आखाड्यात येऊ नये असा नसून, त्यांना त्यांच्या तोलाची जोड मिळाली पाहिजे असा आहे. हमीदा बानूंना ती जवळजवळ आयुष्यभर मिळाली नाही. यंदा यात्रेत एखाद्या मुलीला जोड नाही म्हणून परत पाठवायची वेळ आली, तर शेजारच्या तालुक्यातल्या तालमीला एक फोन करायला पंचांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.